इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: क्षमेपुरता आढावा

धम्मगिरीत, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात, क्षमेचा विषय थेट येतो तो दहाव्या दिवशी, मैत्री भावनेत, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या साधनेत. त्याआधी पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना. पहाटे 4 ची घंटा, दिवसाला साधारण 10 तास बैठक, मौन, मोबाईल जमा. संध्याकाळी 5 ला नव्या साधकांना चहा आणि हलकं काही, नंतर जेवण नाही. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर दान ऐच्छिक.

हा क्रम उगाच नाही. एखाद्याचं नाव आठवलं की छातीत धडधडतं, कानशिलं तापतात. ते दिसतंय तोवर ‘माफ केलं’ हे शब्द वरवरचेच. इथे प्रतिक्रिया न देता ती धग नुसती बघायला लावतात, आणि ती उठते तशी विरतेही. अंग जड, मन खवळलेलं असेल तर मैत्री भावना करू नका, अशीच सूचना आहे. मला ही सगळ्यात प्रामाणिक वाटली.

गडबड होते ती नेमकी दहाव्या दिवशी. मैत्री भावना संपली की मौन सुटतं, आणि गप्पांत सगळं वाहून जातं. निदान दुपारपर्यंत गप्प राहा. दुसरी चूक म्हणजे घरी जाताच त्या माणसाला फोन लावणं. माफ करणं म्हणजे पुन्हा उधार देणं नव्हे. व्यवहार बंद ठेवूनही ते जमतं.

गुडघे दुखतात, खुर्ची मागा. पावसाळ्यात स्वेटर हवाच, कपडे वाळत नाहीत.