फ्लिपबुक, स्टॉप मोशन, स्टोरीबोर्ड: चित्रकलेच्या तासाला आधी काय घ्यावं?

चित्रकलेच्या तासाला सिनेमा नि ॲनिमेशन आणायचं मनात आहे, पण सुरुवात कशानं करावी, असं विचारणारे शिक्षक आता जालना-परभणीकडच्या शाळांतही भेटतात. माझं मत आधीच सांगतो. पाचवी ते सातवीला फ्लिपबुक द्या, म्हणजे पानं भरभर सोडली की चित्र हलताना दिसतं ते छोटं पुस्तक. आठवी-नववीला स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवून दर वेळी फोटो काढायचा आणि ते फोटो जोडून चित्रफीत करायची. आणि स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्ट चौकटी-चौकटींत आधी काढून ठेवणं, दोन्हीकडं जोडीला ठेवा. प्रोजेक्टरवर कार्टून लावायचं आणि त्यातलं पात्र वहीत काढायला सांगायचं, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. तो मी सुचवणार नाही. त्यात लेकरू दुसऱ्यानं काढलेली रेषा गिरवतं. हालचाल कशी घडते, हे त्याच्या हाताला कळतच नाही.

फ्लिपबुकला लाईट लागत नाही, मोबाइल लागत नाही. ए-फोरच्या एका कागदाचे आठ तुकडे होतात, म्हणजे तीन कागदांत २४ पानं. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, पळतात आणि ॲनिमेशनवाले बऱ्याचदा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं पुरतात. त्या हिशेबानं २४ पानांत दोन सेकंदांची गंमत होते. ५०० कागदांच्या एका रिममध्ये दीडशेच्या वर पोरांचं काम भागतं. वर एक काळी क्लिप लावली की पुस्तक तयार.

विषय साधा घ्या. विटी-दांडू घ्या. टोला बसला, विटी वर गेली, खाली आली, एवढंच. पोरं पहिल्या खेपेला दर पानावर विटी सारख्याच अंतरानं वर सरकवतात. सहावीतल्या एकानं पानं सोडून पाहिली आणि तोंड पाडून म्हणाला, "सर, ही उडंना, नुसती सरकायलीय." मग त्याला सांगितलं, टोल्यानंतर दोन चित्रांत अंतर जास्त ठेव, वर जाईल तसं कमी कर, अगदी वर पोचल्यावर जवळजवळ जागच्या जागी काढ, आणि खाली येताना परत वाढव. पुढचं पुस्तक चाळलं तेव्हा विटीला वजन आलं होतं. ॲनिमेशनचा पाया तो हाच: वेग चित्रात नसतो, दोन चित्रांमधल्या अंतरात असतो. गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्या विज्ञानाच्या बाईंनाही ही पुस्तकं उपयोगी पडतात.

पहिलं चित्र सगळ्यांत मागच्या पानावर काढायचं आणि पुढं पुढं यायचं, म्हणजे खालची रेषा वरच्या कागदातून दिसते. चित्र मोकळ्या कडेजवळ हवं, क्लिपजवळ काढलं तर दिसतच नाही. फार पातळ कागदाची पानं चिकटतात, ड्रॉइंग पेपरमधून खालचं दिसत नाही. झेरॉक्सचा कागद या दोन्हींच्या मधला आहे.

स्टॉप मोशनची ओढ पोरांना जास्त असते आणि ती रास्त आहे. ही परंपराही आपलीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपून त्याचा छोटा चित्रपट केला होता. पुढं आगपेटीतल्या काड्या हलवूनही त्यांनी एक केला. आपल्या वर्गात कुंडीत हरभरा पेरा, रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो घ्या. एवढ्यानंही काम सुरू होतं.

पोळ्याला लेकरं काळ्या मातीचे बैल करतातच, तेच हलवायचे. माती वाळली की तडकते, म्हणून चित्रकलेचा पुढचा तास येईपर्यंत ओलं फडकं टाकून ठेवा. पाय जाड ठेवा आणि आत तुराटीचे तुकडे घाला, नाहीतर मान वळवताना बैल बसतो. मोबाइल हातात धरून चालत नाही, डब्याला टेकवून पक्का बांधा. खरा त्रास उजेडाचा. खिडकीतून ऊन आलं, ढग आला की प्रत्येक फोटो वेगळा निघतो आणि चित्रफीत लुकलुकते. बऱ्याच मोबाइलमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस कायम होतो. तरी ऊन थेट पडणार नाही अशी भिंत शोधा. स्टॉप मोशन स्टुडिओ हे ॲप सुरुवातीला पुरतं.

पण हिशेब करा. सेकंदाला १० फोटो धरले तर दहा सेकंदांना १०० फोटो लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासात मांडामांडीतच वेळ जातो, म्हणून मुख्याध्यापकांकडून दोन तास जोडून मागून घ्या. आणि पन्नास पोरांत एकच मोबाइल असेल तर पाच-सहा जण काम करणार, बाकीची दंगा करणार. गटागटाला वेगळा मोबाइल मिळणार नसेल तर वर्गात स्टॉप मोशन घेऊ नका. शनिवारी निवडक मुलांचा गट करा.

स्टोरीबोर्डवर थोडक्यात बोलतो. खर्च शून्य. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्यांना याचा सर्वांत थेट फायदा होतो, कारण स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रात, गुण अडकतात ते मांडणीत. आठवडी बाजार सहा चौकटींत काढायला सांगा: एक लांबून, एक माणसांच्या उंचीवरून, एक फक्त तराजू धरलेला हात. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून त्यातून बघायला लावलं नाही तर सगळी पोरं सहाही चित्रं एकाच अंतरावरून काढतात. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'साठी आधी अशीच चित्रं काढून ठेवली होती, हे पोरांना सांगायला विसरू नका.

यासाठी मराठवाड्याइतकी सोय कुणाकडं नाही. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात रंगवलेल्या जातककथांत, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींत, एकच पात्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतं आणि कथा पुढं सरकते. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेनं १९५७ मध्ये केलेला 'द बनियन डिअर' हा ॲनिमेशनपटही जातककथेवरच बेतला होता. सहल नेणार असाल तर पोरांच्या हातात पुठ्ठ्याची खिडकी द्या आणि एकच भिंत सहा चौकटींत उतरवायला सांगा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. आत फ्लॅश चालत नाही, म्हणून पेन्सिली जास्तीच्या घ्या.