सेडानवर सायकल रॅक: डिकीवर लावावा की टपावर?

'गाडी सेडान आहे' असं सांगितलं की दुकानदार बहुतेक वेळा पट्ट्यांचा डिकी-रॅक पुढे करतो. स्वस्त आहे, घडी होते आणि कुठल्याही गाडीला बसतो, असं त्याचं म्हणणं असतं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी मात्र गाडीची डिकी उघडून, तिची कड बोटाने चाचपल्याशिवाय मान्य करू नका. सेडानची डिकी रॅकसाठी नाजूक असते आणि तिचा टप रॅकसाठी फार सोयीचा असतो. खरेदी करताना नेमका याच्या उलट विचार होतो.

आधी रॅक लागणारच आहे का ते पाहा. एकच रोड सायकल न्यायची असेल आणि मागची सीट दुमडत असेल, तर रॅकची गरज नाही. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसच्या ५२१ लिटरच्या डिकीला ६०:४० दुमडणाऱ्या सीटची जोड आहे. दोन्ही चाकं काढली, गिअरची बाजू वर ठेवली आणि खाली जुनी चादर टाकली की सायकल आत जाते. होंडा सिटीची डिकी ५०६ लिटरची असली तरी मागची सीट दुमडत नाही. तिथे फ्रेम मागच्या सीटवर आणि चाकं डिकीत, अशी विभागणी करावी लागते. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडांच्या मधे प्लॅस्टिकची चकती किंवा जाड पुठ्ठ्याची घडी घाला. चाक नसताना चुकून लिव्हर दाबली गेली तर पॅड आत चिकटतात आणि सकाळी राइडच्या आधी चाकच बसत नाही.

दोन सायकली असतील, किंवा मागे माणसं बसणार असतील, तर रॅक घ्यावाच लागतो.

डिकी-रॅकमधली दोन नावं सतत समोर येतात. पहिलं अ‍ॅलनचं १०२डीएन हे मॉडेल. लोखंडी नळ्यांची साधी चौकट, सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे दोन हात, दोन सायकली आणि एकूण ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो वजनाची मर्यादा. दुसरं सॅरिसचं बोन्स. ते कमानीच्या आकाराचं, प्लॅस्टिकच्या पायांचं आहे. एका सायकलला ३५ पौंड, म्हणजे १६ किलोच्या जरा आत, ही त्याची मर्यादा. दोघांचं वजनाचं गणित जवळपास सारखंच आहे, तरी सेडानवर फरक जाणवतो. बोन्सच्या कमानीमुळे रॅक डिकीच्या पत्र्यापासून उंच राहतो, त्यामुळे छोट्या स्पॉइलरवरूनही तो जाऊ शकतो. शिवाय त्याचे हात वेगवेगळ्या उंचीवर असल्याने दोन सायकलींची हँडलं आणि सीट एकमेकांत कमी अडकतात. अ‍ॅलनची चौकट डिकीला जास्त चिकटून बसते. स्पॉइलर नसलेल्या सपाट डिकीवर ती चांगली, पण दुसरी सायकल चढवताना पेडल कुठे येतं याकडे लक्ष ठेवावं लागतं.

आता या रॅकवर भार कसा येतो ते समजून घ्या, कारण चुका तिथेच होतात. सायकलींचं वजन मुख्यतः खालच्या पायांवर येतं. हे पाय बंपरवर किंवा डिकीच्या खालच्या मजबूत कडेवर टेकलेले हवेत. वरचे दोन पट्टे रॅकला मागे कलंडू देत नाहीत, बाजूचे दोन त्याला डावी-उजवीकडे सरकू देत नाहीत आणि खालचे दोन खड्ड्यात उडू देत नाहीत. बाजूचे पट्टे 'तसंही घट्ट बसलंय' म्हणून न लावणारे पुष्कळ आहेत. सरळ हायवेवर काही होत नाही. ताम्हिणीसारख्या घाटात, वळणामागून वळण आलं की रॅक एका बाजूला दोन-तीन सेंटिमीटर सरकतो, वरचा एक हुक सैल पडतो आणि सगळा ताण उरलेल्या एकावर जातो.

हुक कशावर अडकतो हे सर्वांत महत्त्वाचं. तो पत्र्याच्याच कडेवर अडकला पाहिजे. काही गाड्यांत डिकीच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी किंवा चिकटवलेला स्पॉइलर असतो, तर काहींत खालची कड प्लॅस्टिकच्या आवरणाखाली असते. अशा ठिकाणी हुक बसलेला दिसतो, पण पाच-सहा किलोमीटरनंतर प्लॅस्टिक वाकतं आणि पट्टा सैल होतो. ऑक्टाव्हिया किंवा सुपर्बसारख्या लिफ्टबॅक गाड्यांत आणखी एक घोळ आहे. दिसायला सेडान, पण मागची काच डिकीबरोबरच उघडते. तिथे वरचा हुक काचेच्या वरच्या बाजूला, टपाच्या फटीत जातो. कड धातूची आहे आणि हुक काचेला टेकत नाही, एवढी खात्री करूनच पुढे जा. त्या गाड्यांना हॅचबॅकच समजून रॅक निवडा.

लावताना क्रम मोडू नका. रॅक बसेल ती जागा आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. रबरी पायाखाली धुळीचा कण राहिला तर शंभर किलोमीटरमध्ये तो सँडपेपरसारखा चालतो आणि क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, गोल डाग पडतो. खाली टॉवेल घालू नका, तो सरकतो. त्यापेक्षा पाय टेकतात तिथे पीपीएफचे (रंग जपणाऱ्या पारदर्शक फिल्मचे) तळहाताएवढे तुकडे कायमचे लावून घ्या. मग डिकी उघडून वरचे हुक अडकवा आणि डिकी हलक्या हाताने बंद करा. त्यानंतर आधी वरचे, मग खालचे, शेवटी बाजूचे पट्टे ओढा. एक फेरी झाली की त्याच क्रमाने पुन्हा ओढा, कारण खालचे ओढल्यावर वरचे सैल झालेले असतात. रॅक हाताने धरून जोरात हलवा. गाडी स्प्रिंगवर हलली पाहिजे, रॅक गाडीवर हलता कामा नये. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून गाठ मारा. ८०च्या वेगाला फडफडणारं टोक रंगाची वाट लावतं.

जड सायकल आत, गाडीच्या बाजूला. दुसरी उलट्या तोंडाने. आतल्या सायकलचं गाडीकडचं पेडल काढून टाका, नाहीतर ते डिकीला टोचत राहतं. हँडल फिरू नये म्हणून पुढचं चाक फ्रेमच्या खालच्या नळीला वेल्क्रो पट्टीने बांधा. आडव्या दांडीखालून ब्रेकची किंवा गिअरची केबल जात असेल, तर रॅकच्या हातावरच्या पाळण्यात, म्हणजे दांडी टेकते त्या खाचेत, बसवताना ती दाबली जात नाही ना ते बघा. उतरती दांडी, लेडीज फ्रेम किंवा फुल सस्पेन्शन असेल तर सीटपोस्ट आणि हँडलच्या स्टेमला जोडणारी आडवी नळी वेगळी विकत मिळते, ती घ्या. कार्बन फ्रेमला मात्र दांडीवर लटकवू नका. कार्बनच्या पातळ भिंतीला असा एका जागी येणारा दाब सोसत नाही, आणि आत पडलेली भेग बाहेरून दिसत नाही.

सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघून चाक त्याच्यासमोर येणार नाही असं ठेवा. चाक त्याच बाजूला येत असेल तर एक वीत तरी अंतर हवं. गरम धुराने टायरची भिंत मऊ पडते, तासाभराने थांबल्यावर टायर फुगलेला किंवा फाटलेला सापडतो. हात थोडे वर करून रॅक लावला तर चाकं जमिनीपासून वर राहतात. सोसायटीच्या उतारावर आणि उंच स्पीडब्रेकरवर हे महत्त्वाचं ठरतं.

रुंदीचं गणित फारसं कोणी करत नाही. सिटी १,७४८ मिलिमीटर रुंद, स्लाव्हिया १,७५२. रोड सायकलची एकूण लांबी साधारण १,६५० ते १,७०० मिलिमीटर भरते, ती आत मावते. २९ इंच चाकांची एमटीबी (माउंटन बाइक) मात्र १,८५०च्या पुढे जाते आणि दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर किंवा जास्तच बाहेर येते. पुण्याच्या सिग्नलवर दोन्ही अंगांनी दुचाक्या घुसतात, तिथे हे धोक्याचं आहे. पुढचं चाक काढून आत ठेवा.

आणि मग नंबरप्लेट. बऱ्याच सेडानमध्ये ती डिकीवर, दोन दिव्यांच्या मधे असते आणि रॅक नेमका तिच्यापुढे येतो. प्लेट झाकून गाडी चालवणं नियमात बसत नाही. एचएसआरपी, म्हणजे हल्लीची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, एकदाच वापरता येणाऱ्या स्नॅप-लॉकने बसवलेली असल्याने 'काढून सायकलला बांधू' हाही मार्ग नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर सायकलला बंदी आहे, म्हणून त्या रस्त्याने जायचं तर सायकल गाडीतूनच न्यायची, आणि त्याच रस्त्यावर नंबर टिपणारे कॅमेरे आहेत. ब्रेकचे दिवे झाकले गेले तर धोका दंडापेक्षा मोठा. डिकी-रॅक घेण्याआधी एकदा सायकलसकट लावून पाच पावलं मागे उभं राहा. प्लेट आणि दोन्ही दिवे स्वच्छ दिसले तरच तो रॅक त्या गाडीचा. दुकानदार हे करू देत नसेल तर घेऊ नका.

म्हणून सेडानवाल्याला आमचा कौल टपाकडे जातो. एसयूव्हीच्या मानाने सेडानचा टप बुटका. सिटीची उंची १,४८९ मिलिमीटर, व्हर्नाची १,४७५. सरासरी उंचीच्या माणसाला पंधरा किलोची सायकल खांद्याच्या जरा वर उचलून ट्रेमध्ये, म्हणजे टपावरच्या सायकल धरणाऱ्या पन्हळीत, ठेवता येते, स्टूल लागत नाही. डिकी उघडते, प्लेट दिसते, मागचे सेन्सर ओरडत नाहीत, सायकली एकमेकींना घासत नाहीत.

सेडानला रूफ रेल, म्हणजे टपाच्या कडेच्या लांब दांड्या, नसतात, त्यामुळे दाराच्या चौकटीत पकडणारे पाय लागतात. थुलेचे इव्हो क्लॅम्प पाय, त्यावर आडवे बार, आणि त्या मॉडेलसाठी वेगळा नंबर असलेली किट, अशा तीन गोष्टी मिळून पाया तयार होतो. किट म्हणजे टपाच्या वळणाला जुळणाऱ्या रबरी गाद्या आणि धातूच्या पकडी. इथे तडजोड नको. 'युनिव्हर्सल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पकडी दाराच्या रबर बीडिंगला चिरडतात आणि पहिल्याच पावसात पाणी आत येतं. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल किटच्या यादीत नसेल, तर त्या गाडीला हा रॅक नाही, असंच समजा. किटच्या पत्रकात विंडशील्डपासून बारपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, ते टेपने मोजा. सोबतच्या चावीने ठरलेला टॉर्क (पिळण्याचा जोर) आला की ती कळवते, त्यापुढे पिळू नका. सनरूफ बाहेरच्या बाजूला उघडणारं असेल तर बार लावल्यावर ते उघडू नका.

टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत बघा. तिच्यात बार आणि ट्रेचंही वजन धरलेलं असतं. बार आणि पाय पाच-सहा किलो, थुलेचा प्रोराइड ५९८ ट्रे ४.२ किलो. दोन ट्रे आणि दोन १३ किलोच्या सायकली धरल्या तर बेरीज ४० किलोपर्यंत जाते.

ट्रेची निवड सायकलवरून करा. प्रोराइड ५९८ खालच्या नळीला धरतो, २० किलोपर्यंत घेतो, आणि त्याच्या गोल मुठीतच दाब मर्यादित ठेवण्याची सोय आहे. अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलच्या सायकलला यापेक्षा चांगलं सहसा मिळत नाही. एका माणसाला सायकल चढवायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही. कार्बन असेल तर त्याच कंपनीचा अपराइड ५९९ घ्या. तो फक्त चाकांना धरतो, फ्रेमला हात लावत नाही. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) पकडणारे ट्रे हलके आणि घट्ट असतात, पण पुढचं चाक दर वेळी काढावं लागतं आणि थ्रू-अ‍ॅक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा जाड आस, असेल तर योग्य मापाचा अडॅप्टर लागतो. ई-सायकल २० किलोच्या वर जात असेल तर टप विसरा. बॅटरी काढून वजन मर्यादेत आलं तरच बघा.

व्हॅक्यूम कप टपावर किंवा काचेवर चिकटवून सायकल उभी करणाऱ्या सीसकरचंही नाव निघतं. बार नाही, किट नाही, भाड्याच्या गाडीलाही चालतो. तंत्र खरं आहे, पण धूळ आणि ऊन त्याला सोसत नाही. कपाच्या दट्ट्यावरची रेघ दिसू लागली की हवा शिरली आहे, पुन्हा पंप करा, आणि हे प्रत्येक थांब्यावर तपासा. रॅप केलेल्या, म्हणजे रंगावर फिल्म चिकटवलेल्या, गाडीवर तो लावू नका. दर शनिवार-रविवार वापरणाऱ्याला हा सल्ला देणार नाही.

टपाची खरी भीती उंचीची. सिटीवर सायकल उभी केली की एकूण उंची २.६ ते २.७ मीटर होते. सोसायटीच्या तळघराची आणि मॉलच्या आडव्या दांडीची मोकळी उंची बहुधा २.१ ते २.४ मीटर. राइडवरून थकून आलेला माणूस वर सायकल आहे हे विसरतो आणि पार्किंगमध्ये घुसतो. यात सायकल, बार, टप आणि कधी कधी दाराची चौकट, सगळंच जातं. सायकल चढवताच गेटचा रिमोट किंवा पार्किंगचं कार्ड मागच्या सीटवर टाका. ते हाताला लागलं नाही की आठवण होते. डॅशबोर्डवर स्टिकर लावला तरी दोन आठवड्यांत नजर त्यावरून सरकते. कोकणात उतरणाऱ्या अरुंद रस्त्यांवर खाली आलेल्या फांद्यांचंही असंच लक्ष ठेवावं लागतं, आणि उघड्या पुलावरच्या आडव्या वाऱ्यात गाडी ओढली जाते. ८०च्या वर जाऊ नका.

वर्षातून तीन-चारदा, दोन साध्या सायकली, आणि दिवे-प्लेट मोकळे राहणारी डिकी असेल तर डिकी-रॅक पुरे. महिन्यातून दोनदा जात असाल, तळघराऐवजी उघड्यावर गाडी लावत असाल, तर टपावर खर्च करा, मग तो कितीतरी पट जास्त असला तरी. रात्री रस्त्यात मुक्काम असेल तर हेच पुन्हा लागू. पट्टे सुरीने दहा सेकंदांत कापले जातात, टपाच्या ट्रेला आणि पायांना कुलूप लावता येतं.

काम झालं की डिकी-रॅक काढून ठेवा. पावसात भिजलेले पट्टे वाळवूनच घडी करा. त्यांचा रंग उडाला किंवा शिवणीचे धागे सुटले की सगळे सहा एकदम बदला, कारण सगळ्यांनी ऊन सारखंच खाल्लेलं असतं.