व्हिनेगरचा वास आला म्हणून विश्वास ठेवला

मागच्या महिन्यात माझ्या मुलीचे ११ मासे मेले. ७ गप्पी, ४ मॉली. टँकचा सांधा बुजवायला मी जे सिलिकॉन आणलं, त्यानेच ते गेले. तुमच्याही घरी काचेचा टँक असेल तर हे वाचून घ्या.

आमचं गाव साकोली तालुक्यात. ३ फुटांचा जुना टँक घेतला होता, १०० लिटरच्या आसपास पाणी मावतं. खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळायला लागला, म्हणून बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेलो. माशांच्या टँकला लावायचं आहे, हे मी स्वच्छ सांगितलं. दुकानदाराने माशाचं चित्र असलेलं स्टिकर लावलेली ट्यूब पुढे ठेवली. किंमत ३५० रुपये. मी जरा घुटमळलो, तर त्याने उघड्या ट्यूबमधलं थोडं बोटावर घेऊन माझ्या नाकाशी धरलं. ‘‘पाहा जी, व्हिनेगरचा वास येते का नाही? हेच माश्याचं असते.’’ तसं मीही ऐकून होतो, म्हणून पटलं. बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘बिल कायले पाहिजे भाऊ, मी काय पळून चाललो?’’

जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, काच स्पिरिटने पुसली, नवीन लावून पूर्ण ३ दिवस वाळू दिलं. मग विहिरीचं पाणी भरून मासे सोडले. पोटुशी गप्पी आणि तिच्यासोबत एक, अशा दोन तेवढ्या टबातच राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टँकमधले सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. एअर पंप रात्रभर चालू ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी एकही जिवंत नव्हता. टबातल्या दोघी मात्र ठणठणीत. पाणी त्याच विहिरीचं, खाणं त्याच डबीतलं.

तेव्हा मी ती ट्यूब पुन्हा हातात घेतली. स्टिकरची एक कड ओलाव्याने उचकटली होती. नखाने ओढलं तर खाली कंपनीची छपाई निघाली: सॅनिटरी, अँटी-फंगल. छापील किंमत १९० रुपये.

व्हिनेगरचा वास खोटा नव्हता. सिलिकॉन वाळताना त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड निघतं, त्याचाच तो वास. वाळल्यावर तो उडून जातो आणि माशांना त्याचा त्रास राहत नाही. पण बाथरूमचं सिलिकॉनही बहुतेक वेळा याच जातीचं असतं, वास अगदी तसाच येतो. फरक असतो तो त्यात मिसळलेल्या बुरशीनाशकाचा. फरशीच्या सांध्यात काळी बुरशी धरू नये म्हणून ते घालतात, आणि तेच पाण्यात उतरून माशांना मारतं. नाकाला ते कळत नाही.

म्हणून ट्यूबवर कंपनीनेच छापलेलं वाचा. अ‍ॅक्वेरियमसाठी असं स्पष्ट हवं आणि १०० टक्के सिलिकॉन हवं. सॅनिटरी, अँटी-फंगल, मिल्ड्यू रेझिस्टंट, किचन-बाथ यातला एकही शब्द दिसला तर परत द्या. काही कंपन्या तर बारीक अक्षरात अ‍ॅक्वेरियमला वापरू नका असं लिहितातही. वापरायची मुदत बघा, जुना माल नीट वाळत नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात घाई नकोच, आठवडाभर थांबलेलं बरं.

आणि स्टिकर लावलेली ट्यूब घेऊच नका. छापील किमतीवर दुसरं स्टिकर लावून भाव वाढवणं कायद्यात बसत नाही. वजन-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते, ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. मी फोन लावला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. ते माझ्याकडे नव्हतं. ट्यूब आणि उचकटलेलं स्टिकर जपून ठेवलं आहे, फोटोही काढले आहेत, त्यावरच तक्रार लिहून दिली.

टँकचं सगळं सिलिकॉन आता कापून काढलं आहे. दोन्ही गप्पी अजून टबातच आहेत, एकीला पिल्लं झालीत.