बागेतलं सिमेंटचं लाकूड आणि ठोकळ्यांचा किल्ला : पन्नासची लेन्स की १८-५५?

कॅनॉनची क्रॉप बॉडी (म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे, पैसे एकाच लेन्सपुरते आहेत आणि फोटो मुख्यतः दोन गोष्टींचे काढायचे आहेत. एक, बागांमधल्या त्या रानटी थाटाच्या झोपड्या, कमानी, ओंडक्यांचे कठडे. दुसरं, लेगोच्या ठोकळ्यांचे किल्ले, जे घरोघरी मुलांच्या नावाने मोठी माणसं बांधत असतात. अशा माणसाने ५० एमएम एफ/१.८ (झूम नसलेली, कमी उजेडातही चालणारी) घ्यावी की साधी १८-५५ एमएमची झूम? दोन्ही माझ्याकडे आहेत. ज्याला विचाराल तो पन्नासचं नाव सांगेल आणि त्याचं काही चूक नाही. फक्त या दोन विषयांपुरतं मला थोडं वेगळं वाटतं.

पन्नासचं कौतुक खरं आहे. वजनाला काहीच नाही, सरळ रेषा सरळ ठेवते. दिवेलागणीला जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर बसलेल्या माणसाचा चेहरा काढायचा असेल तर १८-५५ ने तिच्या वाटेलाही जाऊ नये.

पण बागेतली झोपडी म्हणजे चेहरा नव्हे. आपल्याकडे ही ‘लाकडं’ बहुधा सिमेंटची असतात. लोखंडी सळ्यांवर सिमेंट थापायचं, ओलं असतानाच त्यात सालीच्या भेगा ओढायच्या, तोडलेल्या फांदीच्या टोकावर खिळ्याने वर्तुळं काढायची, वरून तपकिरी रंग. खानदेशातले दोन-तीन उन्हाळे गेले की रंगाचे पोपडे सुटतात आणि ओंडक्याच्या पोटातून राखाडी सिमेंट डोकावतं. मला फोटो हवा असतो तो नेमका याच जागेचा, आणि त्या भेगा उठून दिसतात तिरप्या उन्हात. एप्रिलमध्ये नऊ वाजले की ऊन डोक्यावर चढायला लागतं, छपराखाली काळाकुट्ट अंधार आणि बाहेर सगळं पांढरं. म्हणजे जे काय काढायचं ते सकाळी सात-आठच्या दरम्यान.

आणि सात-आठ ही फिरायला येणाऱ्यांची वेळ.

इथेच पन्नासने माझा जीव खाल्ला. क्रॉप सेन्सरवर ती ऐंशी एमएमच्या लेन्ससारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. चार मीटर रुंदीची झोपडी चौकटीत मावायला नऊ-दहा मीटर मागे सरावं लागतं. मागे सरलं की मेंदीचं कुंपण, त्याच्याही मागे गेलं की झोपडी आणि आपण यांच्यामध्ये चालायचा ट्रॅक. लोक धक्काबुक्की करत नाहीत, उलट फार सभ्य असतात, आणि त्रास त्या सभ्यतेचाच आहे. काका कॅमेरा बघून थांबतात, बरोब्बर चौकटीच्या मध्यावर, आणि म्हणतात, “होऊ द्या तुमचं, आपल्याला घाई नाही.” तुम्ही जा म्हटलं तर तुम्ही आधी. तेवढ्यात मागून तिघीजणी येऊन थांबतात. एखादा जवळ येऊन पडद्यात डोकावतो, “काय करी ऱ्हायना भो?” भो काय करणार, ऊन सरकताना बघत उभा.

१८-५५ अठरावर ठेवली की तीच झोपडी साडेतीन मीटरवरून येते. मी ट्रॅकच्या आतल्या बाजूला, काकांची फेरी माझ्या पाठीमागून, दोघेही सुखी. अठराला कडा फुगतात हे मान्य, पण मुळातच वाकड्या घडवलेल्या ओंडक्याचा खांब जरा अजून वाकला तर कुणाच्या लक्षात येतंय?

किल्ल्याच्या बाबतीत मात्र ते लक्षात येतं. विटांच्या थरांची रेघ फुगली की तटबंदी पोट सुटल्यासारखी दिसते, तेव्हा किल्ला अठरावर काढू नये. चाळीसच्या पुढे ती तक्रार फारशी उरत नाही. भाच्याने पारोळ्याच्या भुईकोटावर बेतून एक किल्ला रचलाय, खंदकासकट. त्यात दारावरचा शिपाई आणि मागचा बुरूज दोन्ही स्पष्ट हवे असतील तर एफ/८ किंवा एफ/११ (म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं भोक, लहान) लावून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावाच लागतो. मग ज्या १.८ साठी पन्नास घेतली, ते १.८ गेलं कुठे? उघड्या अ‍ॅपर्चरवर शिपायाचं नाक स्पष्ट आणि भाला धुक्यात, असा प्रकार होतो.

शिवाय जवळ जाण्याचा प्रश्न. पन्नासची एसटीएम (फोकसच्या नव्या मोटरची आवृत्ती) ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस धरत नाही, १८-५५ एसटीएम २५ पर्यंत येते. (हे अंतर सेन्सरपासून मोजायचं, लेन्सच्या तोंडापासून नाही.) कागदावर फरक दहा सेंटिमीटरचा. पण लेगोचा शिपाई आहेच चार सेंटिमीटर उंच. उभ्या चौकटीत १८-५५ ने तो जवळजवळ दोन तृतीयांश उंची भरतो, पन्नासने चाळीस टक्केही नाही. नंतर क्रॉप करता येतं, नाही असं नाही.

रंगाच्या बाबतीत दोघी सारख्याच. २००४ च्या सुमारास लेगोने करड्या रंगाची छटा निळसर केली, त्यामुळे जुने-नवे ठोकळे मिसळलेली भिंत ट्यूबलाइटखाली ठिगळं लावल्यासारखी येते. त्याला खिडकीतला उजेड हाच उपाय, लेन्स नव्हे.

माणसांचेही फोटो तितकेच काढणार असाल तर पन्नास घ्या, मी अडवणार नाही. नुसत्या झोपड्या आणि किल्ले असतील तर माझा हात १८-५५ कडेच जातो. वापरलेली घेताना एसटीएम लिहिलेलीच बघा. १८-५५ च्याच जुन्या ‘आयएस टू’ आवृत्तीचं तोंड फोकस करताना फिरतं. ठोकळ्यांच्या चकाकत्या प्लॅस्टिकवरची तिरीप मारायला पोलरायझर लावलात, तर फोकस हलला की तोही फिरणार आणि चमक परत येणार. एसटीएमचं तोंड स्थिर राहतं. फिल्टर ५८ एमएमचा लागतो. पन्नासचा ४९ चा आहे, तो तिला बसत नाही.