दांडिया बाजारातील बाराव्या शतकाचे ताट

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या मराठी घरात ऐतिहासिक पाककृतींचे जेवण मिळते. दारावर पाटी नाही आणि या उपक्रमाला नावही नाही. ओळखीतून दूरध्वनी क्रमांक मिळवायचा आणि दोन दिवस आधी कळवायचे, एवढीच रीत आहे. ताटे दोन प्रकारची असतात. एक ‘मानसोल्लास’ या ग्रंथावर आधारलेले आणि दुसरे गायकवाडी अमदानीतील मराठी स्वयंपाकाचे. पहिल्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून जावे, दुसऱ्यासाठी तसदी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मानसोल्लास’ हा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ असून, राजाने काय काय उपभोगावे हे सांगताना त्यात अन्नाचाही तपशीलवार विचार केलेला आहे. बडोदेकरांना तो परका वाटायचे कारण नाही, कारण त्याची छापील आवृत्ती गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतच निघाली आणि अन्नाचे प्रकरण असलेला दुसरा खंड १९३९ साली, म्हणजे तिसरे सयाजीराव महाराज निवर्तले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला.

या ताटाची खरी गंमत त्यात काय नाही यात आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो ही सगळी मंडळी पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे आली, तेव्हा सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात त्यांचा मागमूसही असणे शक्य नव्हते, आणि स्वयंपाक करणाऱ्या काकूंनी हे पथ्य अगदी कसोशीने पाळले आहे. सेव-उसळीच्या जहाल तरीवर पोसलेल्या आपल्या जिभेला पहिले दोन-चार घास अळणी लागतात. पण मग मिरे आणि सुंठ यांचा तिखटपणा घशाच्या मागच्या बाजूला हळूहळू चढत जातो. मिरची जिभेच्या शेंड्यावरच भांडण काढते, तसे इथे होत नाही. माझ्या शेजारच्या पाटावरील गृहस्थांनी ठेचा मागितला आणि काकूंनी तो निमूटपणे आणून दिला, हे मात्र मला खटकले. असा पाहुणचार शिष्टाचाराला धरून असला, तरी ताटाच्या मुळावर येतो.

सर्वांत सरस पदार्थ इडरिका. हिला इडलीची पूर्वज मानतात, पण हिच्यात तांदळाचा कण नसतो, नुसत्या उडदाची. काकू भिजवलेली डाळ पाट्यावर वाटतात, रात्रभर आंबू देतात, तिचे छोटे गोळे तुपात तळतात आणि गरम असतानाच त्यांवर मिरपूड, जिरेपूड व हिंग भुरभुरतात. गोळा फोडला की बाहेरचे तांबूस कवच कुरकुरते आणि आतून बारीक जाळी दिसते. वास आधी तुपाचा आणि त्याच्या पाठोपाठ आंबलेल्या उडदाचा. मिक्सरमधून काढलेल्या पिठाला हा किंचित रवाळपणा येत नाही. पाच कडधान्यांचा विदलपाकही उत्तम होता. त्यात हिंग फोडणीला न घालता पाण्यात विरघळवून वरून ओततात, त्यामुळे तो जळकट न होता सबंध वाटीभर दरवळतो.

मांडे मात्र मनातच खावेत अशा प्रतीचे निघाले. मांड्यांना मातीचे खापर हवे; येथे ते गॅसवर पालथ्या घातलेल्या लोखंडी कढईवर भाजतात आणि म्हणून ते रुमाली रोटीच्या वळणावर जातात. दुधाचा गोड पदार्थ बरा होता, एवढेच.

आणखी एक तक्रार ताटासोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकाची आहे. त्यावर ‘राजाचे संपूर्ण भोजन’ असे छापले आहे आणि ताट तर शुद्ध शाकाहारी. मूळ ग्रंथात मांसाचे प्रकार भरपूर आहेत, शेतातल्या भाजलेल्या उंदरांपर्यंत मजल गेलेली आहे. उंदीर वाढले नाहीत याबद्दल मी काकूंचा ऋणीच आहे, परंतु ‘संपूर्ण’ हा शब्द काढून टाकावा.

दुसऱ्या ताटाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ‘सूपशास्त्र’ हे मराठीतील अगदी सुरुवातीचे छापील पाकपुस्तक १८७५ साली आले आणि त्याच वर्षी सयाजीराव गादीवर बसले, त्यामुळे त्या काळाकडे कागदोपत्री आधार भरपूर असायला हवा. प्रत्यक्षात वाटीत येतो तो काजूची पेस्ट घातलेला, कोणत्याही हॉटेलात शोभेल असा लालभडक रस्सा. नऊशे वर्षे मागे जाताना पाळलेले पथ्य दीडशे वर्षांसाठी का सुटावे, हे कळत नाही.

पहिल्या ताटाचे ७५० रुपये पडतात, दुसऱ्याचे ५००. इडरिका मागाल तितक्या वेळा वाढतात. गाडी गल्लीत शिरत नाही, तेव्हा ती मुख्य रस्त्यावरच लावून चालत जावे, आणि मागणी नोंदवतानाच आम्हाला ठेचा नको असे सांगून ठेवावे.