अगत्ती: मोपावरनं उडायचं की कोचीवरनं बोट पकडायची?

मामेभाऊ दोन दिवस मागे लागलाय, लक्षद्वीपला, तिथल्या अगत्ती बेटावर जायचंय, बायको-पोरं आणि मामी बरोबर, कसं जाऊ ते सांग. मी दोन्ही केलंय, एकदा मित्रांबरोबर बोटीनं आणि नंतर आई-बाबांना घेऊन विमानानं, म्हणून इथेच सगळं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे लक्षद्वीपला जायचं परमिट. ते हातात नसेल तर विमान काय नि बोट काय, दोन्ही सारखीच. तिकीट आधी काढून मग परमिटमागे धावू नका.

आता विमान. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ह्या विमान कंपनीनं गोव्यातल्या मोपा विमानतळावरनं अगत्ती सुरू केलं आणि आपल्या सिंधुदुर्गवाल्यांचं काम झालं, नाहीतर आधी कोची गाठण्यातच एक दिवस जायचा. कुडाळवरून मोपा तासाभरावर, पुढे पंख्याचं छोटं एटीआर विमान, दोन तासांच्या आत बेटावर. रोज असतंच असं धरून चालू नका, वार बघूनच रजा टाका. खरी गोम धावपट्टीत आहे. मोपाची साडेतीन हजार मीटर, अगत्तीची जेमतेम बाराशे, कारण बेटच एवढंसं, सात-साडेसात किलोमीटर लांब आणि रुंदी एक किलोमीटर पण नाही. मोठं जेट तिथे उतरूच शकत नाही आणि सत्तर सीटच्या एटीआरमध्ये पण वजन बघून माणसं घ्यावी लागतात, त्यामुळे तिकिटं पटकन संपतात. सामान पण मोजून मापून. आईनं ओळखीच्यांसाठी कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या आणि किलोभर सोलं बॅगेत कोंबलेली, काउंटरवर बॅग सतरा किलो भरली, मग सगळ्यांसमोर जमिनीवर बसून उघडली आणि सोलं बाबांच्या जॅकेटच्या खिशात गेली. (अगत्तीत उतरेपर्यंत बाबांना कोकमाचा वास येत होता.) उतरताना खिडकीतून दोन्हीकडे नुसतं हिरवं-निळं पाणी, जमीन दिसतच नाही, आईनं माझा दंड घट्ट धरला, "अरे, ह्या पाण्यात उतारता काय?"

बोटीचं वेगळं. कुडाळला रात्री नेत्रावती एक्सप्रेस पकडून एर्नाकुलम, तिथून कोचीच्या विलिंग्डन आयलंडवरून बोट. कुठली बोट आणि वाटेत कुठली बेटं घेते त्यावर चौदा ते अठरा तास किंवा त्याहून जास्त. एम व्ही कावरत्तीसारखी बोट मोठी असते, सातशे माणसं जातात, एसी केबिन पण मिळते आणि नुसता बंक, म्हणजे झोपायचा बर्थ पण. आम्ही बंक घेतला आणि जास्त वेळ डेकवरच काढला, पहाटे उडते मासे दिसले, बेटावरची माणसं फ्रिजपासून कोंबड्यांपर्यंत काय काय घेऊन घरी चाललेली. ती मजा विमानात नाही. पण समुद्र खवळला तर भलेभले आडवे होतात, आमच्यातला एक, घरचा मासेमारीचा धंदा असलेला, तोच आधी झोपला. आणि बेटाच्या जवळ प्रवाळाचे खडक आणि उथळ पाणी (लगून) असल्यानं बऱ्याचदा बोट बाहेरच थांबते, मग हलत्या दारातून हलत्या छोट्या होडीत उतरायचं. दोन खलाशी दंडाला धरून उतरवतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमणार नाही. आमच्या आजीला तर बोट म्हटलं की १९४७ ची रेवसला जाताना बुडालेली रामदास बोटच आठवायची, ती कधी चढलीच नसती.

पावसाळ्याचा विचारच सोडा, ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच जा.

त्यामुळे मामी बरोबर असेल तर विमान, डोकं लावू नको. मामी नसेल, आठवडाभर रजा असेल आणि पोरं दहा-बाराच्या पुढची असतील तर जाताना बोट आणि येताना विमान, उलटं नको, कारण बोटीचं वेळापत्रक बदलतं आणि येताना अडकलास तर ऑफिसला काय सांगणार. आणि परतीनंतर एक दिवस मोकळा ठेव. सामान घरीच काट्यावर मोज, सोलं वगैरे मामीच्या हातात देऊ नको, ती भरणारच.