गणपतीला गावी जायचं: तिकीट एजंटकडून की स्वतः?

दादरहून कुडाळला जायचं तर रेल्वेचं तिकीट स्वतःच काढा. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. तत्काळचा पहिला अर्धा तास एजंटला बुकिंगच करता येत नाही. आयआरसीटीसी या रेल्वेच्या तिकीट साइटवरच्या खात्याला आधार जोडून ठेवा, घरच्यांची नावं तिथल्या मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या साठवलेल्या यादीत, आदल्या रात्रीच भरा. नावं टाइप करेपर्यंत वेटिंग लागतं. एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकिटावर, सहाच जण, तत्काळला चार. कुणी वैयक्तिक आयडीवरचं तिकीट जादा पैशांत देत असेल तर अजिबात घेऊ नका, तो गुन्हा आहे.

चारधामला मात्र चांगला एजंट हवाच. दरड कोसळून रस्ता बंद झाला की हॉटेल, गाडी, परतीचं तिकीट सगळंच हलवावं लागतं. फक्त आगाऊ रक्कम देण्याआधी परताव्याच्या अटी लेखी घ्या.